आरंभ आणि त्याचा दोष

आरंभ चांगला की वाईट हे कशावरून ठरवायचे, हा तत्त्वज्ञानाचा आणि धर्मविचाराचा जुना प्रश्न आहे. फळावरून ठरवावे तर फळ अनेक कारणांनी येते. हेतूवरून ठरवावे तर सद्हेतूने केलेल्या आरंभातूनही अनर्थ घडतात. हा प्रश्न जवळून न्याहाळण्यासाठी आज एक अनपेक्षित जागा उपलब्ध आहे. ती म्हणजे साम्राज्य उभारण्याचे, एकेका खेळीने पुढे सरकणारे संगणकीय खेळ. सिड मायर यांचा ‘सिव्हिलायझेशन’ हा खेळ १९९१ साली आला आणि या प्रकाराचा नमुना ठरला. खेळ सुरू होतो इसवी सनपूर्व ४००० मध्ये. खेळाडूच्या हाती शहर वसवू शकणारा एक सेटलर असतो, मालिकेच्या नंतरच्या भागांत सोबत एखादा योद्धा असतो, नकाशावरची आजूबाजूची थोडी घरे दिसतात आणि बाकी सारा नकाशा अंधारात असतो. घड्याळ धावत नाही. खेळाडू आपली खेळी संपवत नाही तोवर जग थांबून राहते. म्हणून येथे घाईगडबडीची सबब चालत नाही. प्रत्येक पाऊल पूर्ण विचाराने टाकलेले असते, आणि चुकले तर तो निर्णय चुकला असे म्हणावे लागते.

अशा डावाची सुरुवात कशी सुधारायची, याचे व्यावहारिक उत्तर आधी पाहिले पाहिजे, कारण पुढचा विचार त्याच्या तपशिलावर उभा आहे. २०१६ साली आलेल्या सहाव्या भागात गोड्या पाण्याकाठी वसवलेल्या शहरात पाच लोकसंख्येच्या निवासाची सोय होते, समुद्रकाठी तिघांची, आणि पाण्यापासून दूर फक्त दोघांची. गवताळ सपाटीवर शहर वसवले तर शहराच्या मूळ घरातून उत्पादनाचा एक अंश मिळतो. मैदानी टेकडीवर वसवले तर दोन. एक आणि दोन यांतला फरक किरकोळ वाटतो, पण तो पहिल्या खेळीपासून दर खेळीला मिळत राहतो. पहिला टेहळ्या लवकर बाहेर पडतो, म्हणून दुसऱ्या शहराची जागा लवकर सापडते. दुसरे शहर लवकर उभे राहते, म्हणून तिसऱ्यासाठी सेटलर लवकर तयार होतो. चक्रवाढ व्याजाचा हा हिशेब आहे. शंभराव्या खेळीला केलेली हुशारी बहुधा दहाव्या खेळीच्या आळसाची भरपाई करू शकत नाही.

नवखे खेळाडू साधारणपणे तीन ठिकाणी अडकतात. सर्वोत्तम जागेच्या शोधात सेटलरला चार-पाच खेळ्या भटकवत ठेवणे ही पहिली चूक. जागा एका अंशाने चांगली मिळते आणि पाच खेळ्यांचे सगळे उत्पादन हातचे जाते. दुसरी चूक आश्चर्यवास्तूंच्या मोहाची: एकच शहर असताना पिरॅमिड किंवा स्टोनहेंज बांधायला घ्यायचे आणि तेवढ्या काळात शेजाऱ्याने तीन शहरे वसवायची. तिसरी चूक सर्वांत सूक्ष्म आहे. कोणा निष्णात खेळाडूने सांगितलेला क्रम, आधी टेहळ्या, मग गोफणवाला, मग सेटलर, प्रत्येक नकाशावर जसाच्या तसा लावला जातो. बुद्धिबळात सुरुवातीच्या खेळ्या पाठ करता येतात, कारण पटावरची मांडणी दर वेळी तीच असते. येथे पटच दर वेळी नवा असतो. जवळच्या जंगलात रानटी टोळीचा तळ असेल तर टेहळ्याआधी योद्धा लागतो. किनाऱ्यावर मासे विपुल असतील तर नांगराआधी होडीची विद्या लागते. त्यामुळे पाठ करायचा तो खेळ्यांचा क्रम नसतो, अग्रक्रम ठरवण्याची दृष्टी असते. समोर आलेली भूमी झटकन वाचणे आणि पुरेशी चांगली जागा दिसताच थांबणे, एवढ्या दोन गोष्टी साधल्या तरी बहुतेकांची सुरुवात सुधारते.

सुधारणेची एक पद्धत अनुभवी खेळाडू वापरतात आणि तीच तत्त्वचिंतनाचे दार उघडते. पन्नासाव्या खेळीला थांबायचे, तोवर उघडलेला नकाशा पाहायचा आणि मागच्या प्रत्येक मोठ्या निर्णयाला एकच प्रश्न विचारायचा: त्या वेळी जेवढे दिसत होते तेवढ्यावरून हा निर्णय बरोबर होता का? शहर नदीकाठी वसवले आणि नदीपलीकडे आक्रमक शेजारी निघाला, तर निर्णय चुकला असे म्हणता येत नाही. दैवाने दगा दिला. उलट, समोर टोळीचा हेर दिसत असताना शहर असंरक्षित ठेवले आणि हल्ला आलाच नाही, तर निर्णय चुकीचाच होता. दैवाने झाकून घेतले. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स आणि अमेरिकी तत्त्वज्ञ टॉमस नेगेल यांनी १९७६ साली याच गोष्टीची नैतिक बाजू मांडली. कर्त्याच्या हातात नसलेल्या योगायोगांवरून आपण त्याचे श्रेय आणि दोष ठरवत असतो, आणि ही सवय सुटता सुटत नाही. खेळात फळ आणि निर्णय निदान वेगवेगळे मांडून पाहता येतात.

पण पहिल्या पावलात पुढचे सगळे खरोखर साठवलेले असते का? भारतीय दर्शनांत या प्रश्नावर मोठा वाद झाला आहे. सांख्यांचे म्हणणे, कार्य कारणात आधीपासूनच असते. उत्पत्ती म्हणजे दडलेल्याचे प्रकट होणे. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेतील नवव्या कारिकेत यासाठी पाच हेतू दिले आहेत. त्यांपैकी एक असा की कशातूनही काहीही निघत नाही, ठरावीक कारणातून ठरावीक कार्यच निघते. न्याय-वैशेषिकांनी हे नाकारले. त्यांच्या मते कार्य उत्पत्तीपूर्वी नसते. धाग्यांपासून वस्त्र होते तेव्हा आधी नसलेली एक वस्तू नव्याने अस्तित्वात येते. त्यांच्या मताला आरंभवाद म्हणतात. पहिल्या दहा खेळ्या मनासारख्या झाल्या नाहीत की डाव सोडून देणारा खेळाडू नकळत सांख्यमताचा असतो: साम्राज्य बीजातच आहे, बीज खुजे तर झाड खुजे.

या वादात न्याय-वैशेषिकांचे विश्लेषण या विषयाला अधिक उपकारक आहे. ते कारणांचे तीन प्रकार मानतात. वस्त्राचे समवायी कारण धागे, असमवायी कारण धाग्यांचा परस्परसंयोग, आणि निमित्त कारण विणकर व त्याची साधने. संयोगाला त्यांनी वेगळ्या कारणाचा दर्जा दिला, ही फार मोलाची गोष्ट आहे. नकाशा खेळाडूने निवडलेला नसतो; नदी, टेकडी, घोडे, लोखंड हे त्याला मिळालेले धागे. खेळाडू हा विणकर. डावाची सुरुवात म्हणजे या दोहोंच्या मधली तिसरी गोष्ट: मिळालेल्या धाग्यांची पहिली जुळणी. जुळणीने नवे धागे निर्माण होत नाहीत, पण त्याच धाग्यांचे वस्त्र होणार की गुंता, हे तिच्यावर ठरते. सुरुवात सुधारणे म्हणजे संयोग सुधारणे. दिलेल्या भूमीविषयी तक्रार करणे हा त्याचा भाग नाही आणि आपल्या कर्तबगारीविषयी अहंकार बाळगणे हाही नाही.

दैव आणि पुरुषार्थ यांचा प्रश्न येथे आपोआप येतो. महाभारताच्या अनुशासनपर्वात युधिष्ठिर भीष्मांना विचारतो की या दोहोंत श्रेष्ठ कोण, आणि भीष्म वसिष्ठ-ब्रह्मदेव संवाद सांगतात. त्यात वाचकाला थबकवणारी एक गोष्ट आहे. सहसा आपण भूमीला दैव मानतो आणि पेरणीला पुरुषार्थ. तेथे उलट सांगितले आहे: पुरुषार्थ हे क्षेत्र, दैव हे बीज, आणि दोहोंच्या योगाने पीक येते. बी कोणते हाती येईल ते आपल्या ताब्यात नाही. ते रुजेल अशी जमीन तयार ठेवणे मात्र आपल्या ताब्यात आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. कर्ता पाचांपैकी एक आहे, आणि जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो त्याला नीट दिसत नाही, असे गीता लगेच बजावते. जिंकलेल्या डावाचे सगळे श्रेय स्वतःकडे घेणारा आणि हरलेल्या डावाचा सगळा दोष नकाशाला देणारा, दोघेही याच अंधत्वाचे आहेत.

महाराष्ट्रात या प्रश्नावर स्वतंत्र खेळच रचला गेला होता. परंपरेने ज्ञानेश्वरांशी जोडल्या जाणाऱ्या मोक्षपटात जीव पहिल्या घरातून निघतो, कवड्यांच्या दानाने पुढे सरकतो, सद्गुणांच्या शिड्यांनी चढतो आणि दुर्गुणांच्या सापांनी घसरतो. तेथे आरंभ सर्वांचा सारखा आणि चाल पूर्णपणे दानाच्या अधीन. साम्राज्याच्या खेळात आरंभ प्रत्येकाचा वेगळा आणि चाल पूर्णपणे निवडीच्या अधीन. मोक्षपट भक्ताला नम्र करतो; साम्राज्याचा खेळ खेळाडूला जबाबदार करतो. निदान तसा दावा तरी करतो.

हा दावा एका ठिकाणी ढासळतो, ते ठिकाण म्हणजे रीस्टार्ट. भूमी आवडली नाही की खेळाडू डाव मोडतो आणि नवा नकाशा मागवतो. कित्येक जण मनाजोगती नदी मिळेपर्यंत दहा-दहा वेळा असे करतात. याची तुलना पुनर्जन्माशी करण्याचा मोह होतो, पण दोहोंची रचना नेमकी उलटी आहे. रीस्टार्टमध्ये परिस्थिती पुसली जाते आणि ज्ञान शिल्लक राहते. कर्मसिद्धान्तात स्मृती पुसली जाते आणि परिस्थिती शिल्लक राहते. खेळाडू मागच्या डावाचा धडा घेऊन येतो आणि त्याचे देणे मागे टाकतो. जीव देणे घेऊन येतो आणि धडा विसरून येतो. म्हणून रीस्टार्टने कौशल्य वाढते, उत्तरदायित्व वाढत नाही. वाईट नकाशावर टिकून डाव शेवटपर्यंत नेणारा खेळाडू हळूहळू शिकतो, पण जे शिकतो ते डाव मोडणाऱ्याला शिकता येत नाही: हाताबाहेरच्या आरंभालाही आपले मानणे. गीतेचा दुसरा अध्याय सांगतो की या मार्गावर आरंभलेले वाया जात नाही. डाव मोडणाऱ्याच्या बाबतीत मात्र आरंभलेले सगळेच वाया जाते, कारण त्याने ते आपले म्हणून कधी स्वीकारलेलेच नसते.

यापेक्षा खोल दोष नकाशाच्या रिकामेपणात आहे. अंधार हटतो तेव्हा खाली कुरण, टेकडी, वन दिसते. माणूस क्वचितच दिसतो. जेथे दिसतो तेथे तो बहुधा दोन रूपांत असतो. एक, रानटी टोळी, जिला नष्ट करायचे. दोन, आदिवासी गाव. या गावाच्या घरात खेळाडूची तुकडी शिरली की गाव बक्षीस देते, सोने, एखादी विद्या, कधी नवी तुकडी, आणि त्याच क्षणी नकाशावरून नाहीसे होते. चांगल्या सुरुवातीचा एक निकष असा मानला जातो की अशी गावे शेजाऱ्याच्या आधी गाठावीत. गावात कोण राहत होते आणि ते कोठे गेले, हे विचारण्याची सोय खेळात नाही. २०२१ साली सहाव्या भागात एक वेगळा पर्याय आला, ज्यात टोळ्यांशी व्यवहार करता येतो आणि त्यांचे तळ पुढे स्वतंत्र नगरराज्येही बनू शकतात. रिकामा नकाशा खुद्द रचनाकारांनाही पुरेसा वाटला नाही, याची ही खूण आहे.

प्रत्यक्षात शहर वसवताना असा नकाशा कधीच मिळत नाही. पनवेलजवळचे कामोठे हे त्याचे जवळचे उदाहरण. आज हा नवी मुंबई उभारणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाने आखलेला नोड, म्हणजे शहराचा एक वस्तीघटक, आहे: एका बाजूला सायन-पनवेल महामार्ग, दुसऱ्या बाजूला हार्बर रेल्वेमार्ग, त्यावर मानसरोवर आणि खांदेश्वर ही स्थानके, मध्ये क्रमांक दिलेले सेक्टर. या सेक्टरांच्या आधी येथे कामोठे नावाचे गाव होते आणि ते आजही गावठाण म्हणून त्यांच्या मधोमध आहे. खाडीकाठच्या या पट्ट्यातील आगरी आणि कोळी समाजाने पिढ्यानपिढ्या बांध घालून खाऱ्या पाण्यापासून भातखाचरे राखली, मिठागरे पिकवली, खाडीत मासेमारी केली. भरतीचे पाणी अडवणारा बांध फुटला की गावाने मिळून तो रातोरात बांधायचा, अशी ही शेती होती. या जमिनीचा आरंभ सिडकोपूर्वी अनेक पिढ्या झालेला होता.

नवी मुंबईची पहिली खेळी मात्र खेळातल्या निष्णाताला शोभेल अशी होती. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली मुल्कराज आनंद यांच्या ‘मार्ग’ या नियतकालिकात खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. उत्तर-दक्षिण लांबत चाललेल्या मुंबईला पूर्वेकडे दुसरे केंद्र द्यावे, हा तिचा गाभा. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांची मिळून सुमारे ३४४ चौरस किलोमीटर भूमी या शहरासाठी निश्चित झाली. जमीन आधी सार्वजनिक मालकीत आणायची, रस्ते-पाणी-गटारे घालून तिची किंमत वाढवायची, आणि वाढीव किमतीत विकून पुढच्या नोडचा खर्च काढायचा, असे गणित होते. शहर एका केंद्राभोवती गोळा न होता रेल्वेमार्गावर ओवलेल्या अनेक नोडांचे असावे, ही दृष्टीही दूरची होती. चक्रवाढीचे तत्त्व येथे अचूक ओळखले गेले.

खेळाच्या निकषांवर पाहिले तर पुढच्या काही खेळ्या चुकल्या किंवा उशिरा पडल्या. राज्य सरकारचे मुख्य कार्यालय नव्या शहरात जावे, अशी नियोजकांची अपेक्षा होती. मंत्रालय दक्षिण मुंबईतच राहिले आणि बॅकबेच्या भरावावर कार्यालयांचे मनोरे वाढत राहिले. मानखुर्दहून वाशीपर्यंत उपनगरी रेल्वे पोचली १९९२ साली, सिडकोच्या स्थापनेनंतर २२ वर्षांनी. पनवेलपर्यंत त्याहून उशिरा. दुसरे शहर उभे करताना पहिल्या शहराशी दळणवळण आधी जोडावे, हे नवख्या खेळाडूलाही कळते. पण या चुका सुधारता आल्या. रेल्वे आली, वाशीला घाऊक बाजार आले, कळंबोलीला लोखंड बाजार आला, आणि कामोठ्यासारखे नोड भरले. संयोग उशिरा जुळला, तरी जुळला.

जे सुधारणे फार कठीण गेले ते पहिल्या खेळीच्याही आधीचे होते. नकाशा पाहताना ९५ गावे दिसत होती, पण ती खेळाडू म्हणून दिसत नव्हती. ती भूमीचा गुणधर्म म्हणून दिसत होती, जशी खेळात एखाद्या घरावर तांदळाची किंवा मिठाची खूण दिसते. शेतजमीन संपादित झाली आणि गावठाणे जागच्या जागी राहिली. गावठाणाची हद्द वाढली नाही, कुटुंबे वाढली. वाढलेल्या कुटुंबांनी घराशेजारी, घरावर, मोकळ्या कोपऱ्यात बांधकामे केली. ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ हा या भागातला शब्दप्रयोग तेव्हापासूनचा, आणि त्या घरांच्या नियमिततेचा प्रश्न पुढची अनेक दशके रेंगाळला. आराखड्याने ज्यांचा विचार केला नाही, त्यांनाच आराखड्याने अनधिकृत ठरवले. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा उभा राहिला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात आंदोलकांवर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्याचे फळ म्हणून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ शेतकऱ्यांना परत देण्याची योजना आली आणि १९९० च्या दशकात ती अमलात येत गेली. कामोठ्यातल्या अनेक इमारती अशाच साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर उभ्या आहेत.

दुसऱ्याचे काही मोडल्याशिवाय आरंभ होऊ शकत नसेल, तर आरंभ करावा का? जैन आचारशास्त्राने हा प्रश्न इतर कोणत्याही परंपरेपेक्षा बारकाईने हाताळला आहे. त्यात हिंसेचे चार प्रकार मानले जातात: संकल्पी, म्हणजे मारण्याच्याच इराद्याने केलेली, आरंभी, म्हणजे घरसंसाराच्या कामांत अटळपणे होणारी, उद्योगी, म्हणजे शेती-व्यापारात होणारी, आणि विरोधी, म्हणजे स्वसंरक्षणात घडणारी. गृहस्थाने संकल्पी हिंसा पूर्ण टाळायची. बाकीच्या तीन त्याला पूर्ण टाळता येत नाहीत, त्या कमीत कमी करायच्या. श्रावकाच्या, म्हणजे गृहस्थ जैनाच्या, साधनेच्या अकरा प्रतिमांपैकी (पायऱ्यांपैकी) आठवी आरंभत्यागाची आहे, म्हणजे पुढच्या पायरीवर गेलेल्या साधकाने नवे उद्योग सुरू करणेच सोडायचे. आरंभ म्हटला की त्यात हिंसा आलीच, हे येथे गृहीत आहे.

तरीही जैन विचार आरंभी हिंसेला मोकळे रान देत नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात हिंसेची व्याख्या प्रमादाशी जोडली आहे: बेसावध, बेफिकीर वृत्तीने दुसऱ्याच्या प्राणांना केलेली इजा म्हणजे हिंसा. त्यामुळे अटळ इजा आणि न पाहिल्यामुळे झालेली इजा यांत भेद पडतो. गावठाणाशेजारून रस्ता गेला आणि चार खाचरे बुजली, ही आरंभी हिंसा म्हणता येईल. पण गावठाणात तीस वर्षांनी किती माणसे असतील, हे नव्या शहराच्या लोकसंख्येचा अंदाज बांधणाऱ्यांनी मोजलेच नसेल, तर तो प्रमाद आहे. जी इजा आधी दिसत होती आणि टाळता येण्याजोगी होती, तिला अटळ म्हणून खपवता येत नाही. येथे जैन निकष फार कडक आहे, आणि तो तसाच असायला हवा.

गीता या ठिकाणी दुसऱ्या टोकाचे भान देते. तिसऱ्या अध्यायात ती म्हणते की कर्माचा आरंभच न केल्याने माणूस नैष्कर्म्याला पोचत नाही. चौदाव्या अध्यायात मात्र ती कर्मांचा आरंभ लोभ आणि धडपड यांच्या सोबत रजोगुणाच्या लक्षणांत मोजते. आणि अठराव्यात दोन्ही बाजू एकत्र आणते: सगळेच आरंभ दोषाने वेढलेले असतात, धुराने अग्नी वेढावा तसे, म्हणून सहज प्राप्त झालेले कर्म सदोष असले तरी टाकू नये. ‘गीतारहस्य’ १९१५ साली प्रसिद्ध करताना टिळकांनी कर्म सोडण्याच्या पक्षाविरुद्ध जो युक्तिवाद उभा केला, त्याला हे वचन अनुकूलच होते. पण त्याचा सोयीस्कर वापरही सोपा आहे. प्रत्येक आरंभात दोष असतोच, तर आपल्याही आरंभात असणार, असे म्हणून पुढे जाता येते. वचनाचा रोख तसा नाही. दोष असूनही कर्म टाकू नये, एवढेच ते सांगते. दोषाकडे पाहू नये असे ते कोठेही सांगत नाही. धूर आहे हे ठाऊक असलेला माणूस आग विझवत नाही, पण धुराड्याची सोय करतो.

साम्राज्याच्या खेळात पहिल्या खेळीचा दोष एकट्या खेळाडूला भोगावा लागतो, आणि तोही हरण्याच्या रूपात. म्हणून तेथे रीस्टार्टने भागते आणि त्यात गैर काही नाही. कौशल्य वाढवण्यासाठी तो खेळ उत्तम शाळा आहे. खऱ्या वसाहतीत पहिल्या खेळीचा दोष बहुधा तिसराच कोणी भोगतो, ज्याने ती खेळी खेळलेली नसते. त्यामुळे तेथे सुरुवात सुधारण्याची पहिली पायरी नदी किंवा टेकडी शोधण्याची नसून, नकाशावर आधीपासून कोण आहे आणि त्याचा डाव काय चालू आहे, हे मोजण्याची आहे.

या निकषावर १९७० च्या आरंभाचा निर्णय दोन भागांत द्यावा लागतो. जमीन सार्वजनिक हाती घेऊन शहराचा खर्च शहराच्याच वाढीतून काढण्याची आणि वस्ती अनेक नोडांत विभागण्याची दृष्टी बरोबर होती. त्या वेळी उपलब्ध असलेल्या माहितीवरही ती बरोबर होती आणि आज कामोठे, खारघर, नेरूळ येथे राहणारी लाखो माणसे तिचा लाभ घेत आहेत. गावांना त्या वाढीचे भागीदार न करण्याचा निर्णय चुकीचा होता, आणि तोही त्या वेळी उपलब्ध माहितीवरच चुकीचा होता, कारण गावे नकाशावर होती आणि माणसे गावांत होती. साडेबारा टक्क्यांची दुरुस्ती झाली ही चांगली गोष्ट आहे. पण ती स्थापनेनंतर अनेक वर्षांनी आणि पाच माणसांच्या प्राणांनंतर मान्य झाली, म्हणून तिचे श्रेय आराखड्याच्या खाती जमा होत नाही, लढणाऱ्यांच्या खाती होते.